पाय फुटलेला शब्द

माझी आजी अकोल्याकडची. तिच्या तोंडी 'डोळा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिचा 'डोया' असायचा. "पोराचे डोये आले" असं ती म्हणाली की आम्ही समजायचो, दोन दिवस शाळेला, म्हणजे तिच्या 'शायेला', सुट्टी. पुढं पुण्यात वसतिगृहात राहायला आलो तर खोलीत एक अलिबागकडचा आगरी मुलगा आणि एक भंडाऱ्याचा. अलिबागकर 'डोला' म्हणायचा, भंडाऱ्याचा 'डोरा'. तीन खाटा, एक अवयव, तीन उच्चार. आणि पुस्तकातला 'डोळा' घेऊन चौथा मास्तर वर्गात उभा. आठवडाभर एकमेकांची भरपूर टर उडवली. मग लक्षात आलं की टर उडवण्यात गंमत उरली नाही, कारण पुढचा शब्द आधीच सांगता येतो. 'डोया' म्हणणारा 'काया' म्हणणारच, 'डोला' म्हणणारा 'काला', आणि 'डोरा' म्हणणारा 'कारा'. सवय शब्दाची नसते, ध्वनीची असते. एकट्या 'ळ'वरून माणूस नागपूर-गोंदिया गाडीत कुठल्या स्टेशनाला उतरणार ते सांगता यावं, अशी परिस्थिती.

हे सगळं आठवायचं कारण एक पिशवी. ताई इस्तंबूलला जाऊन आली, तिनं बूट आणले. पिशवीवर मोठ्या अक्षरांत दुकानाचा धंदा छापलेला होता: आयाक्काबी. 'आयाक' म्हणजे पाय आणि 'काप' म्हणजे भांडं. पायाचं भांडं म्हणजे बूट. शब्द मजेशीर आहेच, पण मला त्यातला 'आयाक' ओळखीचा निघाला, कारण तुर्की भाषांचा अभ्यास करणारे लोक ज्या एका शब्दाला सारखे चिमटे काढत असतात, तो हाच. आम्ही वसतिगृहात डोळ्यावरून जे केलं तेच ते पायावरून करतात.

पाय तुर्की कुळात कसा चालतो ते बघा. मंगोलियातल्या आठव्या शतकातल्या शिलालेखांत तो 'आदाक' आहे. तुर्कस्तान, अझरबैजान, कझाकस्तान, किरगिझस्तान इथं 'आयाक'. उझबेक तोंड गोल करून 'ओयोक' म्हणतात, पण 'य' तोच. दक्षिण सैबेरियात येनिसेई नदीच्या वरच्या खोऱ्यात खाकास लोक 'आझाख' म्हणतात. तिथून उत्तरेला, लेना नदीकाठच्या गोठलेल्या मुलखात, साखा म्हणजे याकूत लोकांचा 'आताख'. इराणात कुम आणि अराक या शहरांच्या मधल्या काही खेड्यांत खलज नावाची भाषा आहे, तिथं 'हादाक'. आणि रशियात व्होल्गेच्या काठी चुवाश लोकांचा 'उरा'.

शेवटचा ऐकल्यावर कुणीही म्हणेल, हा ह्या घरातला नाहीच. पण जरा थांबा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

तलत तेकीन या तुर्की भाषाभ्यासकानं सगळ्या तुर्की भाषांची जी वर्गवारी केली तिच्यात गटांना नावंच अशी आहेत: हादाक गट, आताख गट, आदाक गट, आझाक गट. जिथं 'आयाक' आला तिथं पायावरून पुढची फोड होत नाही, कारण तो फार जणांचा आहे. मग त्यानं डोंगर धरला. मूळ 'ताग', म्हणजे डोंगर. त्याचा 'डोंगराळ' या अर्थाचा शब्द कुठं 'तागलिक', कुठं 'तावली', कुठं 'दागली'. ही फोड पाहायला भाषाशास्त्राचं पुस्तक लागत नाही, शाळेचा नकाशा पुरतो. शिनजियांगमध्ये मुझताग-आता हा हिमशिखराचा डोंगर. कझाकस्तानात अलाताऊ. सीमा ओलांडून किरगिझस्तानात शिरलात की त्याच रांगांना नाव आला-तो. आणि तुर्क लोक युरोपातल्या माँटेनेग्रोला म्हणतात कारादाग, काळा डोंगर. ताग, ताऊ, तो, दाग. नकाशा छापणाऱ्यानं नकळत बोलींचा नकाशा छापून ठेवला आहे.

पायावरून माणूस ओळखण्याची ही युक्ती तेकीनची नाही, आणि युरोपातल्या कुणा प्राध्यापकाचीही नाही. ती महमूद काशगरी या माणसाची. इसवी सनाच्या 1070 च्या दशकात, बगदादमध्ये बसून त्यानं अरबांना तुर्की शिकवण्यासाठी एक मोठा कोश लिहिला, 'दिवान लुगात अत-तुर्क'. तेव्हा बगदादचा खलीफा अब्बासी होता आणि तलवार सेल्जुक तुर्कांच्या हाती होती, त्यामुळे तुर्की शिकण्याची गरज अरबांना नव्यानं पटलेली होती. कोशाच्या सुरुवातीलाच काशगरी बोलींची तक्रारवही उघडतो. अमके 'म'च्या जागी 'ब' म्हणतात, तमके 'त'चा 'द' करतात, उंटाला कुणी 'तेवेय' म्हणतं तर ओगुझ टोळीचे लोक 'देवेय'. शब्दाच्या सुरुवातीचा 'य' काही टोळ्या 'ज' करतात, काही गिळूनच टाकतात. आणि मग तो पायाकडे येतो: आमचे तुर्क मधला वर्ण 'ध'सारखा घासून म्हणतात, पण पश्चिमेला रूस आणि रूम म्हणजे बायझंटाईन मुलखापर्यंत पसरलेल्या टोळ्या त्याचा 'झ' करतात, 'आझाक'. याग्मा, तुख्सी, किपचाक, ओगुझ वगैरे लोक त्याच वर्णाचा 'य' करतात, हे दाखवायला त्यानं भूर्जाचं झाड घेतलं: 'कधिंग' की 'कयिंग'.

एक हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं एका वर्णाची इतकी झाडाझडती घ्यावी याचं मला फार कौतुक वाटतं. त्यात थोडी ऐटही आहे; स्वतःची खाकानी बोली त्याला सगळ्यांत देखणी वाटते आणि शहरात राहून फारसी मिसळणाऱ्यांबद्दल त्याच्या मनात फारसा आदर नाही. अशी माणसं आपल्याकडेही व्याकरणाच्या प्रस्तावनांत भेटतात. फरक इतकाच की ह्यानं दुसऱ्याचा उच्चार नुसता हिणवला नाही, नोंदवून ठेवला. त्याच्या कोशाची आज जगात एकच हस्तप्रत आहे, 1266 साली नकललेली. ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इस्तंबूलच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात विकायला आली आणि अली एमिरी नावाच्या निवृत्त अधिकाऱ्यानं, ग्रंथवेड्या माणसानं, ती ओळखून विकत घेतली. रद्दीत गेली असती तर काशगरीचा 'ध' कुणाला ऐकू आला नसता.

आता तो चुवाश 'उरा'. 'आदाक'चा 'उरा' कसा होतो? तीन पावलं आहेत. पहिलं: जिथं इतर तुर्की भाषांत शब्दाच्या पहिल्या अक्षरात 'आ' येतो तिथं चुवाशमध्ये बहुधा 'उ' येतो. घोडा इतरत्र 'आत', चुवाशमध्ये 'उत'. काळा 'कारा', चुवाशमध्ये 'हुरा'. दुसरं: शब्दाच्या मधला जुना 'द' चुवाशमध्ये 'र' होतो. तिसरं: शेवटचा 'क' गळतो. आदाक, उदाक, उराक, उरा. पटत नसेल तर काशगरीचं भूर्ज पुन्हा आणा. साखा 'हातिंग', खाकास 'हाझिंग', कझाक 'कायिंग', चुवाश 'हुरन'. त-झ-य-र, पायाच्या वेळी जी माळ लागली तीच झाडाच्या वेळी लागली. डोया-काया, डोरा-कारा. (तुर्कस्तानातही 'कायिन' आहे, पण तिकडे तो बीच नावाच्या झाडाला वापरतात. मुलूख बदलला, झाड मागं राहिलं, नाव खिशात घालून आणलं ते दिसेल त्या झाडाला चिकटवलं. आपल्या लोकांनीही परदेशात जाऊन कुठल्याही पालेभाजीला 'माठ' म्हटलेलं मी ऐकलं आहे.)

इथवर वाचून असं वाटेल की चित्र सोपं आहे: एक खोड, त्याला फांद्या, प्रत्येक फांदीवर एक टोळी, एक नाव, एक पाय. इतिहासाच्या पुस्तकांत तसे वृक्ष काढलेले असतात. मला त्या वृक्षांचा थोडा राग आहे, कारण नावं आणि पाय एकत्र चालत नाहीत.

किरगिझ घ्या. इसवी सन 552 मध्ये बुमिननं पहिली तुर्क सत्ता उभी केली. ती मोडत-जुळत 744 पर्यंत चालली, मग मंगोलियाच्या त्याच गवताळ मुलखावर उइगुरांचं राज्य आलं, आणि 840 मध्ये येनिसेईकडून उतरलेल्या किरगिझांनी ते उद्ध्वस्त केलं. त्या येनिसेईच्या खोऱ्यात आज खाकास राहतात आणि 'आझाख' म्हणतात. किरगिझ हे नाव मात्र आता तिथून खूप दूर, तियानशानच्या डोंगरांत नांदतं, आणि हे किरगिझ शेजारच्या कझाकांसारखे 'आयाक' म्हणतात. नाव एकीकडे, पाय दुसरीकडे.

उइगुरांचं तर आणखी गमतीचं. 840 च्या धूळधाणीनंतर त्यांच्यातले काही नैर्ऋत्येला तुर्फानकडे गेले, काही दक्षिणेला गान्सूत. गान्सूत आजही 'पिवळे उइगुर' म्हणवणारे थोडे लोक आहेत. त्यांच्यातल्या तुर्की बोलणाऱ्यांचा पाय 'आझाक'. शिनजियांगमध्ये ज्यांना आज आपण उइगुर म्हणतो त्यांच्या बोलीत 'य' आहे, आणि हे जुनं नाव त्यांनी आधुनिक अर्थानं पुन्हा धारण केलं ते 1921 च्या ताश्कंदच्या बैठकीपासून. त्याआधी बहुतेक जण आपल्या गावाचं नाव सांगत, काशगरचा, तुर्फानचा. म्हणजे कोण कुणापासून कधी फुटलं हे विचारायचं असेल तर नावाला विचारू नये. नाव राजा देतो, शत्रू देतो, कधी बैठक देते. 'द'चा 'य' कुणी ठराव करून करत नाही.

आणि फांद्या एकदा फुटल्या की परत भेटत नाहीत, हेही गवताळ मैदानात खरं नाही. तिथं माणसं घोड्यावर होती. उन्हाळ्यात एका कुरणात, हिवाळ्यात दुसऱ्या. आज शेजारी ओगुझ, उद्या किपचाक. मुलगी एका टोळीतली, सासर दुसऱ्या. उच्चार उसने जातात तसे परतही येतात. म्हणून अझरबैजानी माणूस आणि इस्तंबूलचा माणूस आजही एकमेकांशी निवांत बोलू शकतात, कझाक आणि किरगिझ यांचंही भागतं, आणि कुठं एका भाषेची हद्द संपून दुसरीची सुरू झाली ते रेघ मारून दाखवता येत नाही. ह्या सगळ्या भाषा म्हणजे एकाच मोठ्या वाड्यात भिंती घालून केलेल्या खोल्या आहेत, खिडक्या उघड्याच.

वाडा सोडून खरोखर निघून गेला तो एक भाऊ. चुवाशांचा पूर्वज.

त्याची खूण 'द'पेक्षा मोठी आहे. इतर बहुतेक तुर्की भाषा जिथं 'झ' म्हणतात तिथं तो 'र' म्हणतो, आणि जिथं त्या 'श' म्हणतात तिथं बहुधा 'ल'. तुर्क आठ-नऊ मोजतो: सेकिझ, दोकुझ. चुवाश मोजतो: सक्कर, तह्हर. शंभर इतरांचे 'युझ', त्याचे 'शेर'. मुलगी 'किझ', त्याची 'हेर'. हंसबदक 'काझ', त्याचं 'हुर'. हिवाळा 'किश', त्याचा 'हेल'. चांदी 'कुमुश', त्याची 'केमेल'. (चुवाशचे स्वर देवनागरीत नीट उतरत नाहीत, पुसट अ-ए आहेत, व्यंजनांवर लक्ष ठेवा.) इस्तंबूलचा माणूस चुवाशांची राजधानी चेबोक्सारीला गेला तर त्याला बाजारात आकडेसुद्धा चटकन कळणार नाहीत.

हा भाऊ कधी गेला त्याचा एक पुरावा बायझंटाईन दरबाराच्या नोंदीत आहे. प्रिस्कस नावाचा इतिहासकार लिहून ठेवतो की 463 च्या सुमारास सारागुर, ओगुर, ओनोगुर असे लोक पूर्वेकडच्या रेट्यानं काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला आले आणि त्यांनी वकील पाठवले. 'ओगुर' हा शब्द दोनदा म्हणून बघा, आणि मग 'ओगुझ' म्हणा. पुष्कळ अभ्यासक हा एकच शब्द मानतात, टोळी किंवा टोळ्यांचा संघ अशा अर्थाचा. शिलालेखांत पूर्वेकडे 'तोकुझ ओगुझ' आहेत, नऊ टोळ्या. पश्चिमेकडे 'ओन ओगुर', दहा टोळ्या. म्हणजे पाचव्या शतकात, पहिल्या तुर्क सत्तेच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, पश्चिमेला पोहोचलेल्यांच्या नावातच 'र' आहे. वाटणी त्याहून जुनी.

ह्या 'ओनोगुर'चं पुढं काय झालं? ते नाव दुसऱ्याच लोकांना चिकटलं आणि युरोपीय भाषांत 'हंगेरी' झालं. हंगेरियन लोक स्वतःला मज्यार म्हणतात, त्यांची भाषा तुर्की नाहीच, फिनिशची लांबची नातेवाईक आहे. पण नवव्या शतकाच्या अखेरीला आजच्या मुलखात शिरण्याआधी ते बराच काळ ह्या 'र'वाल्या तुर्कांच्या शेजारी होते आणि त्यांनी शेती-गुरांचे शब्द घाऊक उचलले. बैल हंगेरियनमध्ये 'ओक्योर'. तुर्कीत 'ओक्युझ', चुवाशमध्ये 'वकर'. जुळं हंगेरियनमध्ये 'इकेर', तुर्कीत 'इकिझ'. समुद्र हंगेरियनमध्ये 'तेंगेर', कझाकमध्ये 'तेंगिझ', तुर्कीत 'देनिझ'. ज्यानं बैल दिला त्याची भाषा तिथून नाहीशी झाली, बैल मात्र त्याच्याच उच्चारात हंबरतो आहे.

तोच बैल दुसऱ्या टोकाला, मंगोल भाषेत, 'उकेर' आहे. डॅन्यूबकाठी 'र', मंगोलियात 'र', आणि मधल्या अफाट पट्ट्यात 'झ'. यावरून विद्वानांत शंभर वर्षं भांडण आहे. रामस्टेट आणि त्याच्या परंपरेतले म्हणतात, मूळ 'र'च. तुर्क आणि मंगोल एका आजोबाची नातवंडं, मधल्यांनी 'र'चा 'झ' केला. क्लॉसनसारखे म्हणतात, आजोबा वगैरे काही नाही. मंगोलांनी फार पूर्वी एका 'र'वाल्या तुर्क बोलीतून हे गुरांचे शब्द उसने घेतले. मला दुसरी बाजू अधिक माणसांसारखी वाटते. शेजाऱ्याकडून बैल आणला की त्याचं नावही त्याच्याचकडून येतं. त्यासाठी सोयरीक लागत नाही. पण पहिल्या बाजूकडेही एक चांगला हुकूम आहे. 'झ'वाल्या भाषांच्या घरातच हा 'र' दडलेला सापडतो: तुर्कीत डोळा 'ग्योझ' आणि पाहणं 'ग्योर-'. डोळ्याला 'झ', नजरेला 'र'. दोन्ही एकाच धातूचे, असं पुष्कळांना वाटतं, आणि ऐकताना तसं वाटल्यावाचून राहतही नाही.

पश्चिमेला गेलेल्या ह्या लोकांतून बल्गार निघाले. एक जथा असपरुख नावाच्या खानाबरोबर 681 मध्ये डॅन्यूबपार जाऊन राज्य करून बसला. तिथल्या स्लाव्ह प्रजेत त्याची भाषा दोन-तीन शतकांत विरघळली. आजच्या बल्गेरियाचं नाव तुर्की आणि भाषा स्लाव्ह, ती यामुळं. जुन्या बल्गार राजांची एक यादी हस्तलिखितांत उरली, तिच्यात प्रत्येक राजापुढं दोन न कळणारे शब्द: कुबरातपुढं 'शेगोर वेचेम', दुसऱ्या कुणापुढं 'शेगोर त्विरेम'. ते प्राण्यांच्या बारा वर्षांच्या चक्रातलं वर्ष आणि महिना आहेत असं पुढं उलगडलं. शेगोर म्हणजे बैलाचं वर्ष. वेचेम तिसरा, त्विरेम नववा. चुवाशांचे 'विश्शे' आणि 'तह्हर' त्यात ओळखू येतात.

दुसरा जथा व्होल्गेवर गेला, मुसलमान झाला, आणि त्याच्या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कबरींवर अरबी लिपीत लेख आहेत. त्यातली 'जियेती जूर' ही अक्षरं जुने वाचक अरबी समजून वाचत आणि 'जुलूम आला' असा काहीसा अर्थ लावत. कबरीवर तो शोभूनही दिसायचा. 1863 मध्ये हुसेन फैझखानोव्ह या तातार विद्वानानं दाखवलं की हे अरबी नाहीच. हे चुवाशसारखं आहे: सात शंभर. हिजरी सातशे अमुक, मृत्यूचं साल. जुलूम वगैरे काही नव्हता, फक्त 'युझ'च्या जागी 'र'चा शंभर होता.

आपल्यापर्यंत तुर्की शब्द आले ते ह्या हरवलेल्या भावाकडून नव्हे, वाड्यातल्यांकडून, आणि तेही सरळ नाहीत, फारसीच्या देवडीतून. एलची म्हणजे 'एल', राज्य, त्याचा माणूस. हा 'ची' आपण मशालची, तोफची, खजिनची यांत इतका मुरवला की परका वाटत नाही; त्याला कझाक 'शी' म्हणतात आणि साखा 'सित'. कोळ्याला तुर्क 'बालिक्ची' म्हणतो, साखा 'बालिक्सित'. कुमक म्हणजे 'क्योमेक', मदत. एल्गार म्हणजे 'इल्गार', घोडदौडीची धाड. कुर्निसातातला 'कुर्' तो वरचाच, पाहण्याचा 'ग्योर-', जुन्या उच्चारात 'क्योर-'; हुजुरांच्या नजरेस पडणं. 'बहादूर' हा मुळातला 'बागातुर', कझाकांचा 'बातिर', रशियनांचा 'बोगातिर', हंगेरियनांचा 'बातोर'. आपण त्यात आणखी एक 'द' कोंबून 'बहाद्दर' केला आणि तो ऐकायलाही जास्त दणकट झाला.

'कजाग'ची कुळकथा मला सगळ्यांत आवडते. 'काझाक' म्हणजे टोळी सोडून मोकळा हिंडणारा, लूट करून जगणारा स्वार. त्याच शब्दानं एक राष्ट्र कझाक झालं, रशियन-युक्रेनी गवताळ प्रदेशातले स्लाव्ह स्वार कोसॅक झाले. नाव एक, भाषा दोन, पुन्हा तेच. मराठी दफ्तरांत 'कजाकी' म्हणजे धावती लूटमार. पुढं घोडा गेला, लूट गेली, आणि मराठीत उरली ती कजाग बाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडणारी. 'कज्जा' हा निराळा, अरबीतून आलेला शब्द शेजारी होताच. त्याची संगत ह्या अर्थाला लागली असावी, असं माझं मत. मैदानातला दरोडेखोर आमच्या आळीतल्या नळावर येऊन उभा राहिला.

आणि खलज. 1296 मध्ये देवगिरीवर रामचंद्र यादवाच्या दारात जो अल्लाउद्दीन येऊन उभा राहिला त्याच्या घराण्याचं नाव खलजी. मराठीत आपण त्याचं 'खिलजी' केलं. 'हादाक' म्हणणारी इराणातली ती खेडी आणि हे घराणं, दोघांच्या अंगावर एकाच टोळीचं नाव आहे. पण नावावर विसंबायचं नाही हे आपण आत्ताच ठरवलं. दिल्लीच्या तुर्क सरदारांना हे खलजी आपल्यातले वाटत नव्हते, असं इतिहासकार बरनी नोंदवतो. देवगिरीच्या वेढ्यात कुणी पायाला काय म्हणालं ते आपल्याला ऐकू येत नाही. खेड्यांचं मात्र ऐकता येतं, कारण 1968 च्या सुमारास गेर्हार्ड डोर्फर या जर्मन अभ्यासकानं ही बोली नीट नोंदवायला घेतली. तोवर ती अझरबैजानीची एक वेडीवाकडी बोली म्हणून बाजूला टाकलेली होती. नोंदी आल्यावर दिसलं की इतर बहुतेकांनी हजार वर्षांपूर्वी टाकून दिलेला सुरुवातीचा 'ह' तिनं जपलाय आणि मधला 'द'सुद्धा. मुलं आता फारसीत शिकतात, आणि 'हादाक' म्हणणारे दरवर्षी कमी होत आहेत. भंडाऱ्याचा माझा मित्र परवा फोनवर 'डोळ्यांचं ऑपरेशन' म्हणाला, स्वच्छ 'ळ'सकट. मी काही बोललो नाही.

ताईला हे सगळं मी पिशवी हातात धरून सांगत होतो. तिला ऐकायचं नव्हतं, तिला तिचा किस्सा सांगायचा होता. इस्तंबूलला ट्रामच्या थांब्यावर एक दाढीवाला माणूस तिच्याजवळ आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "चाकमाक वार मी?" तिला ऐकू आलं 'चकमक', मग 'वार'. ती पर्स छातीशी धरून दोन पावलं मागं सरली. त्यानं खिशातून सिगारेट काढून दाखवली. 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडणं, ठिणगीचं साधन, आता लायटर. 'वार मी' म्हणजे आहे का. आपली गारगोटीची चकमक आणि सैन्याची चकमक दोन्ही तिथल्याच.

"मग दिलास का?" मी विचारलं.

"माझ्याकडं कुठून असणार? पण मी तोवर ट्राम सोडली होती."